अंगठा

गोळीबार चौकातून आत, तिसऱ्या गल्लीत
देवाजी हेडाऊंचं गॅरेज.
एकेकाळी इथे चार हातमाग होते.
खड्डे बुजवले, पण बुजवलेलं दिसतं;
बापाचे पाय जिथे लोंबायचे
तिथे आता ऑइलचा ट्रे.

मे महिना. सकाळी नवालाच पत्रा तडतडतो.
उके सिस्टर मेयोची नाइट करून सरळ इकडेच आल्या,
डोक्याला दुपट्टा गुंडाळून,
एक्क्याण्णवची सीडी हंड्रेड ढकलत.
"सदरच्या पुलावर दम टाकते," म्हणाल्या,
"ई-रिक्षावालाबी पुढे निघून जाते."

उस्ताद गेज वापरत नाहीत.
गेज माझं. दिवाळीला घेतलं, डबी अजून कोरी.
ते म्हणतात, काटा नुसता आकडा सांगते,
अंगठा सांगते
रात्री इंजिन कसं झोपलं होतं ते.

इंजिन जरा तापवलं. प्लग काढला,
कॅपमध्ये खोचून हेडवर आडवा टेकवला.
उस्तादांनी भोकावर अंगठा ठेवला,
मी मूठ पूर्ण पिळून किक मारली.
एक. दोन. पाच.

तेवीस वर्षं पाहतोय:
चांगल्या इंजिनाची हवा
अंगठ्याला उडवून लावते,
टॉप्, सोड्याची गोळी सुटावी तशी,
आणि उस्ताद हसतात,
नातवानं मिशी ओढल्यासारखे.

आज आवाज झाला. मी ऐकला.
उस्ताद हसले नाहीत.
"काहीच लागून नाही राहिलं," म्हणाले.
"रिंगा गेल्या. बोअर करा लागंन."

सिस्टरांचे ओठ हलले.
बोअर, पिस्टन, रिंगा, गॅस्केट,
मजुरी,
पोरीच्या होस्टेलचा हप्ता.

मी गेज काढलं.
का काढलं, सांगता यायचं नाही.
तो आवाज कानात होता, एवढंच.
नळीनं आटे धरले. किक.
ऐंशी. एकशे दहा. एकशे तीस.
एकशे अठ्ठेचाळीसवर काटा थांबला,
एवढ्या जुन्या गाडीला
दृष्ट लागावी असा.

शेजारचा कूलर तेवढा घरघरत होता.
"काटा खोटा असंन," उस्ताद म्हणाले.
मी गप्प.
त्यांनी पुन्हा अंगठा ठेवला,
दाबला, नख पांढरं होईपर्यंत.
किक मी हळू मारणार होतो.
मग वाटलं, हळू मारणं म्हणजेही खोटं बोलणंच.
पूर्ण मारली.
टॉप्.

ते अंगठ्याकडे पाहत राहिले,
रोज वेळेवर येणारा माणूस
आज न सांगता दांडी मारतो, तसं.

तेव्हा सिस्टर उठल्या.
ग्रीस मुरलेला तो काळा अंगठा हातात घेतला,
पदराची पिन काढली, टोचली.
"कळलं?"
"काय?"
बाजूच्या बोटाला.
"आता?"
"हाव. थोडंसं."
"शुगर कधी तपासली होती, हेडाऊजी?"

ऑइल कधी बदललं होतं विचारल्यावर
गिऱ्हाईक जसं इकडेतिकडे पाहतं
तसे उस्ताद माझ्याकडे पाहू लागले.

मी एअर फिल्टर उघडला.
सिमेंट रोडची धूळ, बोटभर जाड,
आणि कोपऱ्यात
कुंभारमाशीनं बांधलेलं घर.
घर काढलं, धूळ झटकली. दीडशे रुपये.
पहिल्या किकला गाडी चालू.

"सोमवारी उपाशीपोटी या," सिस्टर जाता जाता म्हणाल्या,
"नंबर मी लावून ठेवते. चप्पल घालून फिरत जा."
गल्लीच्या वळणापर्यंत
गाडीचा आवाज स्वच्छ येत होता.

उस्ताद बुजवलेल्या खड्ड्याच्या काठावर बसले.
अंगठा एकेका बोटाला लावून पाहत होते.
तुटलेलं सूत बाप अंधारात अंगठ्यानंच शोधायचा,
असं मला एकदा सांगितलं होतं त्यांनी.
आज ते नाही बोलले.

बऱ्याच वेळानं म्हणाले,
"पोट्या, ते डबी आण इकडे."
गेज हातात घेतलं. फिरवलं. लांब धरलं, जवळ धरलं.
"आकडे भाय बारीक काढले साल्यानं.
चष्मा दे माहा."